जुन्या ऑस्ट्रेलियन बिअर घरी कशा बनवायच्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मेलबर्नला राहतो आणि घरी बिअर बनवतो, त्यातही जास्त करून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या ऑस्ट्रेलियन. इथल्या आणि भारतातल्या मराठी मित्रमंडळींकडून त्याबद्दल तेच ते प्रश्न येतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे. माल्ट, हॉप्स, यीस्ट, मॅश, वर्ट हे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत आणि एखादी साधी बिअर तुम्ही आधी केलेली आहे, असं धरून लिहिलं आहे.

जुनी ऑस्ट्रेलियन बिअर म्हणजे नेमकी कुठली?

ही एकच बिअर नाही. १७८८ मध्ये कैद्यांची पहिली जहाजं सिडनीला आली, तेव्हापासून साधारण १८२० पर्यंतची बिअर म्हणजे मिळेल त्या धान्याची आणि मिळेल त्या कडवट पाल्याची. १८५१ नंतर सोन्याच्या शोधात माणसं लोटली, तेव्हा बॅलरॅट, बेंडिगो, कॅसलमेनसारख्या गावांत पुष्कळ छोट्या ब्रुअरी निघाल्या. त्यांची एल, म्हणजे वर तरंगणाऱ्या यीस्टने उबदार तापमानाला आंबवलेली बिअर, इंग्लिश पद्धतीची होती, पण उन्हाळ्यात आंबट होऊन बिघडायची. १८८० च्या दशकात शुद्ध यीस्ट आणि बर्फाची यंत्रं आली. तिथून पहिल्या महायुद्धापर्यंतची तीस वर्षं माझ्या मते सगळ्यात रसाळ. त्यानंतर हलकी, गार, झटपट प्यायची लागर, म्हणजे थंड तापमानाला आंबवलेली बिअर, हळूहळू सगळीकडे पसरली.

खालची बरीचशी उत्तरं १८८५ ते १९१४ या काळातल्या एलबद्दल आहेत. घरच्या भांड्यात जमण्यासारखी आणि पिऊन आनंद होईल अशी बिअर तिथेच आहे.

सुरुवातीच्या वसाहतीतली बिअर करून बघता येईल का?

कुतूहल म्हणून येईल. जॉन बॉस्टन नावाच्या गृहस्थाने १७९० च्या दशकात सिडनीत मक्याचं माल्ट करून बिअर बनवली. हॉप्स नव्हते, म्हणून कडवटपणासाठी त्याने 'लव्ह ॲपल'चा पाला आणि देठ वापरले, अशी नोंद त्या वसाहतीचे न्यायाधिकारी डेव्हिड कॉलिन्स यांनी करून ठेवली आहे. हे झाड टोमॅटोच्या कुळातलं. त्या पाल्यात विषारी घटक असतात, तेव्हा एवढा भाग सोडून द्या. मक्याचं माल्ट मात्र जरूर करून बघा. त्याच्या अंगी स्टार्चची साखर करण्याची ताकद कमी असते, म्हणून निम्मं तरी बार्लीचं माल्ट घाला, आणि मका आधी शिजवून घ्या.

दुसरं नाव जेम्स स्क्वायरचं. हा पहिल्या ताफ्यातून आलेला कैदी. १७८९ मध्ये सरकारी इस्पितळाच्या कोठारातून हॉरहाउंड नावाची कडू वनस्पती चोरल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला. आपल्या गरोदर बाईसाठी घेतली, असं त्याने सांगितलं. ती बिअरसाठीच होती, असं आजचे बिअरवाले सांगतात. खरं काहीही असो, पुढे पॅरामाटा नदीकाठी किसिंग पॉइंटला त्याने ब्रुअरी काढली आणि हॉप्सची लागवड यशस्वी करून दाखवली. १८०६ मध्ये गव्हर्नर किंगने त्याबद्दल त्याला सरकारी कळपातली एक गाय बक्षीस दिली. रमच्या पुरात बुडालेल्या वसाहतीला बिअरकडे वळवायचं हे किंगचं धोरणच होतं. १८०४ मध्ये पॅरामाटाला सरकारी ब्रुअरी निघाली तीही त्यातूनच.

जुन्या पाककृती मिळतात कुठे?

ब्रुअरीच्या जमाखर्चात आणि रोजच्या नोंदवह्यांत. सिडनीच्या टूथ या बिअर कंपनीचे कागद कॅनबेराला ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या नोएल बटलिन अभिलेखागारात आहेत. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ट्रोव्ह या संग्रहात जुनी वर्तमानपत्रं घरबसल्या वाचता येतात. त्यांत पाककृती क्वचितच सापडते, पण जाहिराती, भेसळीचे खटले, साखरेचे आणि हॉप्सचे बाजारभाव भरपूर असतात. एखाद्या साली बाजारात कुठले हॉप्स होते हे कळलं, तरी अर्धं काम होतं.

भारताशी नातं सांगणारी एक नोंदही अशाच वर्तमानपत्रात आहे. 'ईस्ट इंडिया पेल एल' हे नाव छापलेलं आजवर सगळ्यात आधी सापडलं ते ऑगस्ट १८२९ च्या 'सिडनी गॅझेट'मधल्या जाहिरातीत.

नोंदवहीतली मापं कळत नाहीत. ती कशी वाचायची?

बॅरल म्हणजे ३६ इंपीरियल गॅलन, साधारण १६४ लिटर. हॉग्जहेड ५४ गॅलनचं, २४५ लिटर. माल्ट 'क्वार्टर'मध्ये मोजत. क्वार्टर म्हणजे आठ बुशेल, ३३६ पौंड, म्हणजे १५२ किलो. तापमान फॅरनहाइटमध्ये असतं.

गोंधळ होतो तो ग्रॅव्हिटीचा, म्हणजे वर्ट पाण्याहून किती दाट आहे त्या मापाचा. जुने ब्रुअर ती 'पौंड प्रति बॅरल' अशी लिहीत. त्या आकड्याला २.७७ ने गुणा, की आजचे ग्रॅव्हिटीचे पॉइंट मिळतात. १८ पौंड म्हणजे ५० पॉइंट, म्हणजेच १.०५०. हॉप्सचं गणितही तेच आहे. बॅरलला एक पौंड हॉप्स म्हणजे लिटरला २.७७ ग्रॅम, वीस लिटरच्या घाण्याला ५५ ग्रॅम. हा एक आकडा पाठ असला की बरीचशी वही वाचता येते.

एवढी साखर का? ही भेसळ नव्हे का?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो, आणि तो ज्या सुरात विचारला जातो तो मला पटत नाही. जर्मन शुद्धतेच्या नियमाचं (बिअरमध्ये माल्ट, हॉप्स आणि पाणी एवढंच) कौतुक ऐकून आपण साखरेकडे चोरासारखं बघतो. ऑस्ट्रेलियन ब्रुअरने साखर लाजत वापरली नाही. वर्टमधला पाव हिस्सा, कधी त्याहून अधिक, उसाच्या साखरेतून यायचा.

कारणं साधी होती. स्थानिक बार्लीत प्रथिनं जास्त, त्यामुळे नुसत्या माल्टची बिअर गढूळ व्हायची आणि उन्हात लवकर बिघडायची. साखरेने प्रथिनं पातळ होतात, बिअर नितळ राहते, यीस्ट ती साखर पार संपवतं आणि मागे गोड शिल्लक राहत नाही. सिडनीच्या जानेवारीत जड, गोडसर इंग्लिश एल कोण पिणार? कोरडी, चकचकीत, थोडी जोरकस बिअर ही या हवेची गरज होती. साखर काढून 'सुधारलेली' जुनी ऑस्ट्रेलियन एल मी चाखली आहे. ती चांगली इंग्लिश बिअर असते, एवढंच.

ही साखर यायची कुठून, हेही मराठी माणसाला ठाऊक असावं. क्वीन्सलँडचा ऊस जोर धरण्याआधी मेलबर्न-ॲडलेडच्या बंदरांत मॉरिशसची साखर मोठ्या प्रमाणावर उतरत असे. त्या मळ्यांत १८३४ पासून कराराने नेलेले हिंदी मजूर राबत होते आणि त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली मराठी कुटुंबंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात.

मग गूळ घातला तर?

थोडा चालेल. त्या काळची कच्ची साखर मळीचा हलका वास असलेली, सोनेरी खडीची असे. गुळात मळी आणि क्षार त्याहून खूप जास्त. पूर्ण साखरेऐवजी गूळ घातलात तर बिअर खारट-तुरट लागते आणि ती चव महिनाभरानेही जात नाही. साखरेच्या वजनाचा दहावा हिस्सा गूळ घ्या, बाकी साधी कच्ची साखर. कोल्हापुरी गूळ असेल तर रसायन न घातलेला, गडद रंगाचा बघून घ्या.

काही ब्रुअरी साखर आधी 'इन्व्हर्ट' करून, म्हणजे आम्लात तापवून तिची साध्या साखरांत फोड करून घेत. घरी करायची असेल तर किलोभर साखरेत अर्धा लिटर पाणी आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड घालून पाक ११५ अंशांच्या आसपास वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. नजर हलवू नका. रंग मधासारखा झाला की पुरे. त्यापुढे टॉफीची चव येते आणि फिक्या एलमध्ये ती शोभत नाही.

माल्ट कुठलं घ्यायचं?

ऑस्ट्रेलियात असाल तर इथलं साधं पेल किंवा एल माल्ट. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दक्षिण ऑस्ट्रेलियात निवडलेली 'प्रायर' ही बार्ली सगळीकडे होती. ती मूळ इंग्लिश 'शेव्हॅलिए' जातीतून आलेली. शेव्हॅलिए माल्ट आता पुन्हा विकत मिळतं. महाग आहे, पण एकदा जरूर वापरून बघा. रंग आणि गोडसर चव देणाऱ्या क्रिस्टल माल्टचा मोह आवरा. फिकी एल पेल माल्ट आणि साखर यांवरच उभी होती, रंग कमी पडला तर कॅरामल घालत.

हॉप्स?

१८९० च्या एलमध्ये प्राइड ऑफ रिंगवुड या जातीचे हॉप्स घालणं ही सर्रास होणारी चूक. ऑस्ट्रेलियन म्हटलं की हेच नाव पुढे येतं, पण ही जात मेलबर्नजवळच्या रिंगवुडच्या संशोधन केंद्रात १९५० च्या दशकात तयार झाली. तुम्हाला १९७० ची लागर करायची असेल तर तिच्याशिवाय होणार नाही. त्याआधीच्या बिअरला गोल्डिंग आणि क्लस्टर या जुन्या जातींचे हॉप्स हवेत. टास्मानियाच्या डरवेंट खोऱ्यात शूब्रिज कुटुंबाने १८६० च्या दशकात बुशी पार्कला हॉप्सचे मळे उभे केले आणि तिथून मुख्य भूमीवर माल जाऊ लागला. इंग्लंड, बव्हेरिया आणि कॅलिफोर्नियाहूनही हॉप्स येत.

ते हॉप्स विषुववृत्त ओलांडून, जहाजाच्या उबदार पोटात महिनोन् महिने पडून येत आणि वाटेतच निम्मा जोर गमावत. म्हणून वहीतलं प्रमाण जसंच्या तसं उचलू नका. आजच्या हवाबंद पाकिटातले हॉप्स असतील तर मी पाव हिस्सा कमी करतो.

यीस्ट कुठलं? जुनं यीस्ट आजही मिळतं का?

सगळा जीव यातच आहे. ऑगस्ट द बावे हा बेल्जियममध्ये जन्मलेला रसायनतज्ज्ञ १८८४ मध्ये मेलबर्नला आला आणि व्हिक्टोरिया ब्रुअरीत लागला. कोपनहेगनमध्ये हॅन्सेन या शास्त्रज्ञाने लागरचं शुद्ध यीस्ट नुकतंच वेगळं केलं होतं. द बावेने तेच काम एलच्या, वर तरंगणाऱ्या यीस्टवर केलं आणि १८८८ मध्ये शुद्ध यीस्ट वापरात आणलं. त्याआधी उन्हाळ्यात जंगली यीस्ट शिरून घाणेच्या घाणे वाया जात. १८९० नंतरची मेलबर्नची बिअर एकदम सुधारली, त्यामागे हा माणूस आहे.

त्या यीस्टच्या सगळ्यात जवळ जायचा घरगुती मार्ग म्हणजे कूपर्सची बाटली. थॉमस कूपरने १८६२ मध्ये ॲडलेडला ब्रुअरी सुरू केली. ती आजही त्याच कुटुंबाकडे आहे आणि त्यांची एल आजही बाटलीतच फेसाळते, म्हणजे तळाला जिवंत यीस्ट असतं.

ते असं काढतात. ताज्या तारखेच्या पेल एलच्या दोन-तीन बाटल्या घ्या. स्पार्कलिंग एलपेक्षा पेल एल बरी, कारण ती सौम्य असल्याने यीस्ट कमी दमलेलं असतं. बाटल्या दोन दिवस फ्रीजमध्ये उभ्या ठेवा. तळाशी मळकट पांढरा थर बसेल. बाटलीचं तोंड आधी ज्योतीवरून फिरवा, मग बिअर हलक्या हाताने ग्लासात ओता आणि शेवटची बोटभर बिअर थरासकट मागे ठेवा. ते फिरवून, ढवळून, निर्जंतुक बरणीत तीनशे मिलिलिटर थंड वर्टमध्ये घाला. वर्ट १.०३५ चा, त्याहून दाट नको. बरणीवर फॉइलचं सैल झाकण. पहिले दोन दिवस काहीच दिसत नाही आणि लोक घाबरून फेकून देतात. फेकू नका. कडेने बारीक बुडबुड्यांची किनार दिसली की यीस्ट जागं झालं. मग एक लिटरपर्यंत वाढवा. वास ताज्या ब्रेडचा आणि किंचित नासपतीचा यायला हवा. आंबट किंवा नेलपॉलिशसारखा आला तर मात्र टाकून द्या.

आंबवताना १८ ते २० अंश सांभाळा. २४ च्या पुढे गेलात तर केळ्याचा वास इतका चढतो की बाकी काही कळत नाही.

पहिल्या घाण्यासाठी एखादी पाककृती द्या ना.

वीस लिटरसाठी देतो. कुठल्याही एका ब्रुअरीची नक्कल नाही, १८९० च्या दशकातल्या रोजच्या एलचा घरगुती साचा आहे.

पेल माल्ट ३.३ किलो, कच्ची साखर ७०० ग्रॅम. मॅश ६६ अंशांवर दीड तास. मेलबर्नचं पाणी मऊ आहे, म्हणून मी पंचवीस लिटर पाण्याला पाच ग्रॅम जिप्सम घालतो. ॲडलेडला राहत असाल तर आधी पाण्याचा अहवाल बघा. उकळ दीड तास. शेवटच्या तासाच्या सुरुवातीला २५ ग्रॅम क्लस्टर, अर्धा तास उरला की २० ग्रॅम गोल्डिंग. साखर शेवटच्या पंधरा मिनिटांत, आच बंद करून ढवळत घाला. आच चालू असताना घातलीत तर ती तळाला बसून करपते आणि भांडं घासताना दुपार जाते.

सुरुवातीची ग्रॅव्हिटी १.०४८ च्या आसपास येईल. कूपर्सच्या यीस्टने ती १.००८ किंवा त्याखाली उतरते, म्हणजे अल्कोहोल सव्वापाच टक्क्यांच्या घरात. आंबणं संपत आलं की १५ ग्रॅम गोल्डिंग न उकळता तसेच सुके बिअरमध्ये घाला. सलग तीन दिवस ग्रॅव्हिटी हलली नाही, की लिटरला सहा ग्रॅम साखर घालून बाटल्या भरा. या तीन दिवसांत घाई नको, अर्धवट आंबलेली बिअर बाटलीत कोंडली तर बाटली फुटते आणि काच हातात शिरते. तीन आठवडे थांबा.

जुन्या वहीत बायसल्फाइट ऑफ लाइम, सॅलिसिलिक ॲसिड असं लिहिलंय. घालायचं का?

नाही. बिअर टिकवायला ते घालत. तुमच्याकडे फ्रीज आहे.

फॉस्टरची पहिली लागर करता येईल?

विल्यम आणि राल्फ फॉस्टर हे भाऊ न्यूयॉर्कहून बर्फाची यंत्रं घेऊन मेलबर्नला आले आणि १८८९ च्या सुरुवातीला त्यांची लागर बाजारात आली. वर्षभरात धंदा विकून ते परतलेही. त्या बिअरच्या जवळ जायचं तर फिकं लागर माल्ट, जर्मन हॉप्स आणि लागर यीस्ट घ्या, दहा अंशांवर आंबवा आणि दीड-दोन महिने शून्याजवळ ठेवा. वेगळा फ्रीज नसेल तर या वाटेला जाऊ नका. एल करा.

युद्धकाळातली पाणचट बिअर कुणी करतं का?

मी करतो, आणि ती मला आवडते. १९१६ मध्ये चार राज्यांत पब संध्याकाळी सहाला बंद करण्याचा नियम आला. न्यू साउथ वेल्समध्ये तो १९५५ पर्यंत, व्हिक्टोरियात १९६६ पर्यंत टिकला. पाचला सुटलेला कामगार तासाभरात जमेल तितके ग्लास रिचवायचा. अशा पिण्याला हलकी आणि भरपूर गार बिअरच लागते. त्यात १९४२ मध्ये सरकारने उत्पादन कापलं आणि बिअर आणखी सौम्य केली. वरच्याच पाककृतीत माल्ट २.५ किलो आणि साखर ५०० ग्रॅम करा, हॉप्स पाव हिस्सा कमी. जेवणाबरोबर दोन ग्लास घेऊनही डोकं जागेवर राहतं.

समुद्रातून काढलेल्या यीस्टची बिअर हे खरं आहे का?

हो. 'सिडनी कोव्ह' हे जहाज १७९६ मध्ये कलकत्त्याहून माल भरून निघालं आणि फेब्रुवारी १७९७ मध्ये टास्मानियाच्या उत्तरेला प्रिझर्व्हेशन बेटापाशी फुटलं. खलाशांत बहुसंख्य हिंदी लस्कर होते. मदत आणायला सतरा जण निघाले, त्यांत बारा लस्कर. त्यांची होडीही फुटली आणि ते किनाऱ्याने शेकडो मैल चालत सिडनीकडे गेले. तिघेच पोचले. बुडालेल्या मालातल्या बाटल्या पाणबुड्यांनी वर काढल्या आणि त्या टास्मानियातल्या लॉन्सेस्टनच्या क्वीन व्हिक्टोरिया संग्रहालयात आल्या. तिथे एका बाटलीतून जिवंत यीस्ट मिळालं आणि २०१८ मध्ये त्यापासून पोर्टर ही गडद रंगाची बिअर बनवून विकली गेली.

घरी करायची तर इंग्लिश एल यीस्टने ब्राउन माल्टची पोर्टर करा आणि बाटली भरताना थोडं ब्रेटॅनोमायसिस नावाचं जंगली यीस्ट घाला. मोजून सहा महिने ठेवा, जाड काचेच्या बाटलीतच.

कायदा काय म्हणतो?

ऑस्ट्रेलियात स्वतःच्या पिण्यासाठी घरी बिअर करायला परवाना लागत नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती मोकळीक मिळाली. विकायची असेल तर परवाना हवा, आणि परवान्याशिवाय दारू गाळणं गुन्हा आहे. महाराष्ट्रात चित्र उलटं आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य बनवता येत नाही आणि त्यात घरची बिअरही आली. गोव्यातही मद्य बनवण्यावर अबकारी खात्याचा परवाना आहे. पुण्या-मुंबईतून विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, की पाककृती वाचा, ओळखीच्या मायक्रोब्रुअरीच्या ब्रुअरला दाखवा, त्याला एक घाणा करायला राजी करा. साखरेचा पाव हिस्सा ऐकून तो नाक मुरडेल. त्याला आधी कूपर्सची एक बाटली पाजा.